चौकड्या जुळेपर्यंत

बिंबलाँगच्या पेट्रोल पंपावर स्नो हॅलहननं ऑब्री ट्रँटरला ओळखलं नाही, तिथून ह्या सगळ्याला सुरुवात झाली.

तोंड चुकवून गेला असता तर गोष्ट वेगळी. स्नो समोरून आला, गाडीच्या खिडकीपाशी थबकला, आत बसलेल्या ऑब्रीकडं बघून त्यानं मान हलवली. ती मानही कशी हलवली, तर हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाच्या थंड दक्षिणेकडून गाडीच्या मागं घर बांधून ऊन खायला येणाऱ्या म्हाताऱ्या पाहुण्यांना हलवतात तशी. "थंडी सोडून आलात व्हय? बरं केलंत," म्हणाला आणि आपल्या ट्रकात चढून निघून गेला. ज्याच्या शेजारी जन्मभर घोडा घातला, ज्याच्याबरोबर एका डबड्यातला चहा अर्धा अर्धा प्याला, तो माणूस पाहुणा समजून निघून गेला.

व्हर्ना पैसे देऊन बाहेर आली तर ऑब्री समोरच्या काचेतून रस्त्याकडं टक लावून बसलेला.

"काय झालं?"

"स्नोनं मला वळखलं न्हाई."

"ऊन डोळ्यावर आलं असेल त्याच्या."

"ऊन त्याच्या पाठीवर हुतं."

व्हर्नानं नवऱ्याकडं नीट बघितलं. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तोंड उजवीकडं जरासं उतरलं होतं, पण तेवढ्यानं स्नो फसला नसता. तिच्या ध्यानात आलं. ऑब्रीच्या अंगात लेकीनं किनाऱ्याकडच्या शहरातून आणलेला पोपटी टी-शर्ट होता. डोक्यावरून ओढून घालायचा, बटण म्हणून एक नाही. हॅट मागच्या सीटवर पडली होती. पोपटी रंगातला ऑब्री ट्रँटर आजवर कुणी बघितलाच नव्हता, मग ओळखणार कोण?

त्या मुलखात माणूस ओळखतात तो शर्टावरून. हजारभर गुरं चालली की धुळीचा जो लोट उठतो, त्यात तोंडं दिसत नाहीत. दिसते हॅट, आणि त्याखाली अंगातली चौकडी. हॅटी सगळ्यांच्या सारख्याच मळकट, पण चौकड्या ज्याच्या त्याच्या. स्नोची निळी बारीक. मॅकीव्हर भावांची तांबडी, लांबून टेबलावरच्या कापडासारखी दिसणारी. आणि ऑब्रीची सायीच्या रंगावर हिरवी-तपकिरी, बोटभर रुंद पट्ट्यांची. शर्ट फाटला की दुसरा तसाच. दुकानदारही विचारत नसे, ऑब्री दारात दिसला की फडताळातून तोच काढून ठेवायचा.

चौकडीला कारणं होती. साध्या कापडावर धूळ दिसते, चौकडीत ती मुरून जाते. बाह्या लांब, कारण ऊन आणि बाभळीचे काटे दोन्ही सोलून काढतात. छातीवर दोन खिसे आणि त्यांवर बटणाच्या झडपा, म्हणजे वासराच्या पायाला वाकलं तरी खिशातलं काही शेणात पडत नाही. कापड सुती, घाम पिणारं. हे सगळं ऑब्रीला कुणी शिकवलं नव्हतं. तो गुरांच्या वाटेवरच जन्मलेला. बाप रानटी घोडी माणसाळवायचा आणि आई गुरं हाकणाऱ्यांच्या तळावर सैपाक करायची. लहानपणी त्याच्या अंगात पिठाच्या पोत्याचे शर्ट असत, पाठीवर गिरणीचं नाव अर्धं धुतलेलं. पहिला विकतचा शर्ट त्यानं घेतला तो मिसरूड फुटल्यावर, बिंबलाँगच्या शर्यतीनंतरच्या नाचाला जायचं म्हणून. कापडाच्या दुकानात गल्ल्यामागं उभी होती ती व्हर्ना, दुकानदाराची थोरली.

"एक माप मोठा घ्या," ती म्हणाली होती.

"कशापायी? मी काय वाढणार हाय आणखी?"

"तुम्ही नाही, शर्ट आटणार आहे."

मग तिनं शर्ट उलगडून दाखवला. शिवणाऱ्यानं काम मनापासून केलं असेल, तर खिशावरची चौकडी मागच्या कापडाच्या चौकडीत विरून जाते, खिसा आहे हे दिसतही नाही. आणि पुढची पट्टी बंद केली की डावी रेघ उजव्या रेघेला जाऊन मिळते. "रेघ तुटली की समजायचं, घाईत शिवलाय," ती म्हणाली. ऑब्रीनं रेघ बघितली, तिची बोटं बघितली, आणि मोठ्या मापाचा शर्ट घेऊन गेला. नाचात तिच्या तीनदा पाया पडला, म्हणजे पायावर पडला, बुटासकट. तरी तिनं लग्न केलं.

तर असा हा माणूस. झटका आला तेव्हा कुंपणाची तार ओढत होता. उजवा हात गेला तो परत आलाच नाही म्हणायचा. खांद्यातून उचलायचा, पण बोटं कणकेच्या गोळ्यासारखी. उजवा पाय खुरडत का होईना चालायला लागला. बोलणं परतलं, शिव्यांसकट. दवाखान्यात हातापायाचे व्यायाम शिकवणारी एक हसरी पोरगी होती, तिनं एका हातानं पाव कापायला शिकवलं, नाडा ओढायला शिकवलं. बटणांसाठी तारेचा एक आकडाही दिला. "आणि खालून वर लावत या," ती म्हणाली होती, "खालची दोन टोकं जुळवली की चूक होत नाही."

"मी आयुष्यभर वरून खाली लावलीत."

"तेव्हा दोन हात होते, मिस्टर ट्रँटर."

ऑब्रीनं तो आकडा घरी आणून खिळ्याला अडकवला आणि पोपटी टी-शर्ट घातला. बटणं लावायला व्हर्ना पुढं झाली तर तो चिडायचा. तिनं एकदाच कॉलरला हात लावला होता, तेव्हा म्हणाला, "पोराला शाळंत धाडतीयस का?" त्यानंतर शर्ट कपाटात गेले.

आणि आता हा पेट्रोल पंप.

घरी आल्या आल्या त्यानं कपाट उघडलं. वरचा, अजून पुठ्ठा आणि टाचण्या न काढलेला नवा शर्ट बाहेर काढला.

"जुना घे, मऊ आहे," व्हर्ना म्हणाली. "नव्याची काजं घट्ट असतात."

"मैदानात मी जुना घालून गेलोय का कधी?"

"कुठल्या मैदानात?"

ऑब्रीनं शर्ट टेबलावर ठेवला. तेवढ्यावरून व्हर्नाला कळलं.

बिंबलाँगचा ड्राफ्ट दीड महिन्यावर आला होता. वर्षातून एकदा आख्खा मुलूख त्या मैदानात गोळा होतो. स्वारानं कळपात शिरायचं, एक जनावर निवडायचं, ते बाकीच्यांतून वेगळं काढायचं, मग "गेट!" म्हणून ओरडायचं. फाटक उघडतं, जनावर मोकळ्या मैदानात सुटतं आणि त्याच्या खांद्याला घोडा लावून ते एका खुंटाला उजवीकडून, दुसऱ्याला डावीकडून वळसा घालून न्यायचं. हुकलं की पंचाचा आसूड कडाडतो, खेळ संपला. ऑब्री तिथं दरवर्षी उतरत आला होता. काकवीच्या रंगाची त्याची घोडी ट्रीकल त्याच खेळात मुरलेली.

आणि नेमकी ती घोडी विकायची असं ग्लेनिसनं ठरवलं होतं. ग्लेनिस म्हणजे एकुलती लेक, नर्स. झटक्यानंतर बापाचं तोंड पुसलं तिनं, शी-मूत काढलं तिनं, त्यामुळं तिचा शब्द घरात वजनाचा. इमराल्ड गावाकडचं एक गिऱ्हाईक तिनं बघूनही ठेवलं होतं. त्या आठवड्यात ती घरी आली, आणि जेवणाच्या टेबलावर खारवलेलं मांस आणि उकडलेले बटाटे असताना बापानं सांगून टाकलं की, मी ड्राफ्टला उतरणार.

"बाबा, तुम्हाला वेड लागलंय."

"डॉक्टर घोड्यावर बसायला हरकत न्हाई म्हणला."

"सावकाश म्हणाला! सावकाश!"

"मी काय पळणार हाय का? पळणार घोडी."

"आई, तू सांग ना ह्यांना. घोडीला चारा कोण घालणार, फिरवणार कोण? तो माणूस चांगला आहे, नीट ठेवील तिला. आणि उद्या हे पडले म्हणजे?"

"लगामाची रास मी डाव्या हातातच धरत आलोय," ऑब्री म्हणाला. "उजव्यात आसूड असायचा. आसूड न्हाई घेणार, झालं."

दोघंही व्हर्नाकडं बघायला लागले. व्हर्नानं बटाट्याला लोणी लावलं, सावकाश लावलं. तिला घोडी ठेवायची होती की नाही, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. घोडी गेली की नवरा खुर्चीत बसून राहील आणि राहिली तर नवरा मोडून घेईल, ह्या दोन भीतींच्या मधे ती अडकली होती.

"मी सांगते," ती म्हणाली. "ड्राफ्टच्या दिवशी हा शर्ट तू तुझ्या हातानं घालायचास. सगळी बटणं, कफ, खिशाच्या झडपा, सगळं. मी हात लावणार नाही, ग्लेनिस लावणार नाही. घातलास, आणि नीट घातलास, तर घोडीला खोगीर मी स्वतः घालीन आणि ती आपल्याकडंच राहील. नाही जमलं, तर तो इमराल्डवाला त्याच दिवशी तिला ट्रकात चढवून नेईल आणि तू तोंडातून शब्द काढायचा नाहीस."

"शर्टाचा आन् घोडीचा काय संबंध?" ऑब्री उसळला.

"संबंध मला आहे. स्वतःचा शर्ट लावता येत नाही त्या माणसाला मी उधळत्या कालवडीमागं सोडणार नाही."

ग्लेनिसनं बापाच्या उजव्या हाताकडं बघितलं, मग त्या घडी न मोडलेल्या शर्टाकडं, आणि लगेच म्हणाली, "मला चालेल." तिला चालणारच होतं. असे हात तिनं रोज बघितले होते.

दुसऱ्या दिवशी स्नो हॅलहन दारात हजर. ड्राफ्टच्या मंडळाचा तो अध्यक्ष. पंपावर गाडीत कोण होतं हे त्याला बायकोनं सांगितलं होतं आणि तो रात्रभर तळमळला असावा. हॅट पोटाशी धरून उभा.

"मर्दा, मी तुला... ते हिरवं काय हुतं अंगात?"

"पोपटी."

"मला वाटलं कुणी मेलबर्नचा शिक्षक हाय."

"आन् त्या शिक्षकाला तू ऊन खायला पाठवलास. बस. च्या घे. आन् माझं नाव लिव."

स्नोनं चहाचा मग खाली ठेवला. "ऑब्री, नियम तुला ठावं हाईत. बाह्या लांब, खाली सोडलेल्या, कॉलर, सगळी बटणं बंद. टी-शर्टवर मी तुला आत घेऊ शकत न्हाई. नियम तूच लिवलायस लेका! मॅकीव्हरच्या धाकट्याला कफ उघडा म्हणून तूच हाकलला हुतास."

"आन् बरोबर केलं. उघड्या कफात रास अडकती. नाव लिव म्हणतो न्हवं?"

स्नोनं लिहिलं.

मग सकाळ उजाडली की सैपाकघरात झुंज सुरू व्हायची. व्हर्ना बाहेर पडवीत बसायची, तिकडं पाठ करून, आणि कान मात्र आत. आधी खुर्ची सरकायची, मग शांतता, मग शिवी. शिवीवरून तिला कळायचं कुठलं बटण. कॉलरखालचं असेल तर शिवी छोटी, पोटावरचं असेल तर लांबलचक, तिच्यात काजं करणाऱ्याची आई, मशीन आणि आख्खा कारखाना यायचा.

नव्या कापडाला खळ असते. डाव्या हाताच्या दोन बोटांत पट्टी धरायची, अंगठ्यानं बटण काजाकडं ढकलायचं. बटण काजाच्या तोंडाशी यायचं, कडेवर उभं राहायचं, आणि घसरून परत मागं. जिद्दी गुरांशी आयुष्य काढलेला माणूस, त्याला हे वागणं ओळखीचं होतं. फाटकाशी आलेलं जनावर ऐन वेळी असंच तोंड फिरवतं. तिथं ओरडून भागत नाही. अंगावर जायचं नाही, मागंही हटायचं नाही, त्याला वाटलं पाहिजे की आत जाणं त्याच्याच मनात आलं. ऑब्री बटणाशी तसा वागायला लागला. तारेचा आकडाही त्यानं एकदा खिळ्यावरून काढून बघितला, आणि "हे घोड्याच्या खुरातलं खडं काढायला बरं हाय," म्हणून तबेल्यात टाकला.

पहिल्या आठवड्यात एक बटण लागलं. ते लावलेलं बटण दाखवायला तो पडवीत आला, बाकीचा शर्ट उघडा, पोट बाहेर. व्हर्ना हसली नाही. "छान," म्हणाली आणि परत मटाराच्या शेंगा सोलू लागली.

डावा कफ ही खरी अडचण होती. उजवा कफ डाव्या हातानं कसाबसा व्हायचा. डाव्याला हातच नाही. पुष्कळ दिवस तो त्या कफाकडं नुसता बघत बसला. मग एका सकाळी त्यानं मनगट तोंडाशी नेलं, काजाची कड दातांत धरली आणि टेबलाच्या कडेवर बटण दाबून धरून मान फिरवली. बटण गेलं. त्याबरोबर एका दाढेचा टवकाही गेला, पण ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या खेपेला बटणच तुटलं. व्हर्नानं ते निमूट शिवून दिलं. शिवणं म्हणजे लावणं नव्हे, एवढं त्यांच्या करारात धरून होतं.

दुपारी तो घोडीवर बसायचा. उजव्या हाताचा अंगठा पट्ट्यात खोचून ठेवायचा, म्हणजे हात लोंबत नाही. ट्रीकलला सुरुवातीला कळेना की उजवीकडचा पाय एवढा मुका का. मग तिला कळलं. घोडीला एकदा कळलं की ती विसरत नाही, आणि वर कीवही करत नाही, म्हणून ऑब्रीला तिची सोबत बरी वाटायची.

ड्राफ्टचा दिवस उजाडला तो कोरडा, निळाशार. मैदानाभोवती ट्रक कोंडाळ्यानं उभे, कांदा-मांस तव्यावर परतल्याचा वास, कर्ण्यातून स्नोचा आवाज. स्नोला कर्णा मिळाला की पोलीससुद्धा घेऊ शकत नाहीत. इमराल्डचा माणूस आला होता, नीटनेटका, कमी बोलणारा. आपला रिकामा ट्रक त्यानं सावलीत लावला आणि कुंपणाला टेकून उभा राहिला. ग्लेनिस त्याच्या शेजारी.

ट्रकाच्या आडोशाला ऑब्रीनं शर्ट अंगात चढवला. आधी मेलेला हात बाहीत, मग जिवंत. व्हर्ना पाठ फिरवून घोडीच्या आयाळीतला गुंता सोडवत राहिली. नव्हताच गुंता. ऑब्रीनं कॉलरपासून सुरुवात केली, जन्मभर केली तशी. आज बोटं चांगली चालत होती. एक गेलं, दुसरं गेलं. मैदानात टाळ्या वाजत होत्या, ट्रकांचे भोंगे वाजत होते, त्याचं लक्ष नव्हतं. कफ, झडपा, सगळं झालं. शेवटी त्यानं खालचं कापड घाईनं पट्ट्यात खोचलं, एका हातानं, जमेल तसं.

"झालं," तो म्हणाला.

व्हर्ना वळली. तिची नजर त्याच्या छातीवर क्षणभर थांबली. काहीतरी बोलायला तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिनं घोडीला खोगीर घातलं, "चढ," म्हणाली आणि घोडी पाय ठेवायच्या फळीपाशी आडवी धरली.

रांगेत त्याच्या पुढं चार-पाच स्वार होते. त्यातल्या एकीनं, मॅकीव्हरांच्या सुनेनं, वळून बघितलं, हसली आणि एकदम नजर घोड्याच्या कानांत घालून बसली. दुसऱ्यानंही बघितलं आणि उगाच हॅट सारखी केली. ऑब्रीला ते खटकलं. माणसं लंगड्याकडं बघतात ती नजर आता त्याला पाठ झाली होती, ही ती नव्हती. त्यानं खाली बघितलं.

चौकड्या जुळत नव्हत्या.

डावीकडची हिरवी रेघ उजवीकडच्या तपकिरीवर आदळत होती, गळ्यापासून पोटापर्यंत. पहिलंच बटण दुसऱ्या काजात गेलं होतं आणि मागोमाग सगळी एकेक घर चुकत गेली होती. कॉलरचं एक टोक कानाखाली चढलेलं. साधा शर्ट असता तर दहा पावलांवर कुणाला कळलं नसतं. ह्या शर्टावर मैदानाच्या पलीकडच्या टोकालाही दिसत होतं.

आता व्हर्नाचं उघडलेलं आणि मिटलेलं तोंड त्याला कळलं.

"पुढचा स्वार," कर्णा गरजला, "आपला ऑब्री ट्रँटर, घोडी ट्रीकल! पहिली हाक!"

बिंबलाँगला तीन हाका असतात. तिसऱ्या हाकेला स्वार कळपाच्या फाटकात शिरला नाही, तर त्याचं नाव कापतात. मग कुणाचंही असो.

ऑब्रीनं रास घोडीच्या मानेवर टाकली आणि वरचं बटण सोडलं. मग दुसरं. सोडायला सोपं असतं. शर्ट पट्ट्यातून उपसून काढला आणि सगळ्या मुलखासमोर पोट उघडं पडलं, पांढरं, दवाखान्यातून आलेलं.

"बाबा!" ग्लेनिस कुंपणावरून ओरडली. "असू दे ना! कुणी बघत नाहीये!"

"सगळी बघत्यात," ऑब्री म्हणाला. मान वर न करता.

"बटणं बंद हुती ऑब्री," कर्ण्यातून स्नोचा आवाज, जरा खालच्या पट्टीत. "नियमाला चालतंय. मी बघितलं."

"मला चालत न्हाई!"

ऑब्रीनं कॉलरकडं गेलेला हात आवरला. त्याला ती व्यायामाची पोरगी आठवली. आयुष्यभर वरून खाली लावलेल्या माणसाला हे जड गेलं, पण त्यानं हात खाली नेला, शर्टाची दोन टोकं शोधली, ती मांडीवर एकाशेजारी एक धरली. हिरवं हिरव्याला, तपकिरी तपकिरीला. खालचं बटण. बटण काजाशी आलं, उभं राहिलं, घसरलं. परत. गेलं.

ट्रीकल कान टवकारून उभी होती. समोर कळप डोळ्यांपुढं हलत असताना ती जागची हलली नाही. इमराल्डच्या माणसानं कुंपणावरचा हात काढला आणि तो नीट उभा राहिला.

"तोवर मंडळी," स्नो कर्ण्यात सुरू झाला, "च्याच्या तंबूतल्या बायांचं आभार मानायचं राहिलं हुतं. खोबऱ्याचा केक ज्यांनी खाल्ला न्हाई त्यांनी खावा. ज्यांनी दोनदा खाल्ला त्यांनी पुन्हा रांगेत उभं राहू नये, डेस, तुलाच सांगतोय. तशीच एक कवळी सापडली हाय, वरची, ज्याची असंल त्यानं..."

"स्नो!" ऑब्रीनं घोडीवरून हाळी दिली. "भाषण बंद कर आन् हाक मार!"

"अरं, मी आपलं..."

"दुसऱ्यांना जेवढी मारतोस तेवढ्याच वेळानं मार. न्हाईतर मी माझं नाव माझ्या हातानं कापतो!"

कर्णा खरखरला. "दुसरी हाक," स्नो म्हणाला.

पोटावरचं बटण. त्याच्या वरचं. आता शिवी नव्हती, श्वास होता नुसता. व्हर्ना कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिची बोटं आपोआप हलत होती, पट्टी धरून अंगठ्यानं ढकलल्यासारखी. छातीवरचं गेलं.

"तिसरी हाक! ऑब्री ट्रँटर!"

दोन बटणं राहिली होती. ऑब्रीनं रास उचलली नाही. डाव्या टाचेनं घोडीला नुसतं टेकलं. ट्रीकल चालायला लागली, मानेवर मोकळी रास, आणि वर स्वार दोन बोटांत पट्टी धरून. फाटक आलं. फाटकाच्या खांबाशी एक बटण गेलं. घोडी आत शिरली, गुरं दुभंगली, आणि त्या गुरांच्या मधोमध, धुळीत, ऑब्रीनं शेवटचं बटण काजातून पार केलं. मग रास उचलली.

त्यानं निवडली पांढऱ्या तोंडाची तांबडी कालवड. शहाणी दिसत होती, पण डोळा चपळ. घोडीनं तिला कळपाच्या कडेनं उचलली, एकदा डावीकडं अडवली, एकदा उजवीकडं, कालवड समोर तोंड करून उभी राहिली. "गेट!" ऑब्री ओरडला. ते ओरडणं तेवढं अगदी पूर्वीसारखं निघालं. फाटक उघडलं, कालवड सुटली, घोडी तिच्या खांद्याला. पहिला खुंट घेतला. ट्रकांचे भोंगे वाजायला लागले. दुसऱ्या खुंटाकडं वळताना उजव्या पायाचं वजन जिथं पडायला पाहिजे होतं तिथं पडलं नाही, घोडी हातभर रुंद गेली, आणि तेवढ्या हातभर जागेतून कालवड कुंपणाकडं निसटली.

आसूड कडाडला.

गुण पहिल्या विसांत बसण्यासारखेही नव्हते. ऑब्री घोडीला चालवत कुंपणापाशी आला, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.

इमराल्डचा माणूस ग्लेनिसला म्हणत होता, "रास टाकली तरी उभी राहिली. असं जनावर मी बघितलं नाही. मघाच्या बोलण्यापेक्षा मी वर जायला तयार आहे, तुम्ही आकडा सांगा."

ग्लेनिसनं आईकडं बघितलं. व्हर्ना नवऱ्याच्या छातीकडं बघत होती, कापडाच्या दुकानातली थोरली बघते तशी, गळ्यापासून पट्ट्यापर्यंत, सावकाश. मग तिनं लेकीकडं बघून 'जमलंय' अशी मान हलवली. ग्लेनिसनंही एकदा त्या रेघा बघितल्या. तिच्या ओठांची घडी मोडली नाही. पण शब्द शब्दच असतो आणि तो तिनंही दिला होता.

"माफ करा," ती त्या माणसाला म्हणाली. "तुम्हाला एवढ्या लांबून आणलं. घोडी विकायची नाहीये."

"कुणी दुसऱ्यानं जास्त सांगितले का?"

"नाही. तिचा मालक तिला चालवतोय."

माणूस समजूतदार होता. त्यानं हॅटीला हात लावला, घोडीच्या नाकावरून एकदा हात फिरवला आणि आपल्या रिकाम्या ट्रकाकडं निघून गेला.

"पण ते पडले असते तर, आई?" ग्लेनिस हळूच म्हणाली.

"पडेलसुद्धा," व्हर्ना म्हणाली. "मी नाही म्हणत नाही."

स्नो कर्णा दुसऱ्याच्या हातात देऊन धावत आला होता, धापा टाकत. "मर्दा, पयला खुंट काय घेतलास! आन् दुसऱ्याला..."

"दुसऱ्याला काय झालं ते मला सांग. तू वरनं बघत हुतास."

"घोडी रुंद गेली."

"कुठनं सुरू झाली? खुंटाच्या आधी का खुंटावर?"

"आधीच. दोन टापा आधी. तुझा उजवा पाय तिला लागलाच न्हाई."

ऑब्रीनं त्यावर विचार केला. "उतर आता," व्हर्ना म्हणाली, "चहा घे," पण तो उतरला नाही. मैदानामागं एक मोकळं रान होतं, सुकलेल्या गवताचं. तिथं कुणीतरी दोन रिकामे पिंप उभे करून ठेवले होते. त्यानं घोडी तिकडं घातली.

पिंपाजवळ येता येता त्यानं उजवा गुडघा आत ओढला, जेवढा ओढला जात होता तेवढा, आणि घोडी वळवली. वळण रुंद पडलं. तो परत मागं गेला, आणि परत वळवली.